पुण्यातल्या फिल्म क्लबांना खुलं पत्र : ‘कोलॅटरल’ मोठ्या पडद्यावर दाखवा, आणि रिक्षावाल्यांना बोलवा

पुणे शहरातील सर्व फिल्म क्लब आणि चित्रपट मंडळांच्या कार्यकारिणीस,

सप्रेम नमस्कार.

सिनेमा बघणाऱ्या माणसाने राहावं असं हे शहर आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट, त्याच रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जानेवारीत आंतरराष्ट्रीय महोत्सव, आणि बाकी वर्षभर तुम्ही. वर्षाची माफक वर्गणी भरून जपानी, इराणी, पोलिश सिनेमा तुम्ही आम्हाला दाखवलात. एखादा चित्रपट संपल्यावर दिवे लागतात, लोक जागेवरच बसून राहतात, मग कुणीतरी हळूच बोलायला लागतं, ही सवय आम्हाला तुम्ही लावलीत. त्या हक्काने आणि कृतज्ञतेने आज एक मागणी करते आहे.

मायकेल मान या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘कोलॅटरल’ हा २००४ सालचा चित्रपट तुमच्या येत्या कार्यक्रमात घ्या. चांगल्या पडद्यावर, पूर्ण अंधारात दाखवा. आणि त्या खेळाला शहरातल्या रिक्षा आणि टॅक्सी चालवणाऱ्यांना खास आमंत्रण द्या.

मागे एका क्लबच्या सभेत मी हे नाव सुचवलं होतं. “मारधाडीचा आहे तो, असले सिनेमे लोक घरीच बघतात,” असं कुणीतरी म्हणालं आणि विषय पुढच्या नावावर गेला. त्या क्लबबद्दल माझी तक्रार नाही, म्हणून त्याचं नावही घेत नाही. पण हा समज एका सभेपुरता नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तो घर करून बसला आहे, म्हणून सगळ्यांनाच उघडपणे लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी गोष्ट. ती एका संध्याकाळी सुरू होते आणि पहाटे संपते. मॅक्स लॉस एंजेलिसमध्ये कंपनीची टॅक्सी चालवतो. बारा वर्षं चालवतोय, पण कुणी विचारलं की सांगतो, हे तात्पुरतं आहे, पुढे स्वतःची लिमोझिन कंपनी काढायची आहे. गाडी पुसून लखलखीत, रस्ते तोंडपाठ. कुठल्या वेळी कुठला रस्ता तुंबतो, कुठून काढली की सिग्नल वाचतात, किती मिनिटांत पोहोचू, हे तो बसल्या जागी सांगतो आणि तेवढ्याच मिनिटांत पोहोचवतो. डोक्यावरच्या झडपेला त्याने एका बेटाचं पोस्टकार्ड लावून ठेवलं आहे. फार वैताग आला की त्याकडे पाहायचं. त्याच्या गाडीत व्हिन्सेंट नावाचा पॅसेंजर बसतो. करडा सूट, करडे केस, बोलणं मोजकं. रात्रभरात पाच ठिकाणी जायचंय, सहाशे डॉलर देतो, म्हणतो. नियमात बसत नाही म्हणून मॅक्स आधी नको म्हणतो, मग तयार होतो. पहिल्याच ठिकाणी वरच्या मजल्यावरून एक प्रेत गाडीच्या टपावर कोसळतं आणि पॅसेंजरचा धंदा काय आहे ते उघड होतं. अजून चार जणांना मारायचं आहे. गाडी मॅक्सनेच चालवायची.

व्हिन्सेंट आहे टॉम क्रूझ, मॅक्स आहे जेमी फॉक्स. फॉक्सला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटासाठी मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर त्याने जिंकलं. पटकथा स्टुअर्ट बीटी या ऑस्ट्रेलियन लेखकाची. सतरा वर्षांचा असताना सिडनीच्या विमानतळावरून टॅक्सीने घरी जाताना, ड्रायव्हरशी गप्पा मारता मारता त्याच्या मनात आलं की हा माणूस माझ्याकडे पाठ करून निवांत बोलतोय, आणि मी कोण आहे हे याला काहीच ठाऊक नाही. त्या एका विचारातून हा चित्रपट उगवला. अनोळखी माणसाला पाठीशी बसवून रात्री गाडी चालवणं हे केवढं विश्वासाचं काम आहे, हे मला तरी त्याआधी कुणी असं जाणवून दिलं नव्हतं.

आता ज्यासाठी हा चित्रपट मला मोलाचा वाटतो, त्याकडे येते.

या दोघांत मैत्री होते असं म्हणणं खोटं ठरेल. एकाच्या हातात पिस्तूल आहे आणि दुसऱ्याला सुटायचं आहे. तरीही रात्र चढत जाते तसं त्यांच्यात काहीतरी जुळत जातं, आणि ते जुळणं दोघांनाही नको असतं. एक प्रसंग सांगते. टॅक्सी कंपनीतला माणूस वायरलेसवर मॅक्सला झापतो आहे. गाडीची काच फुटली, टप चेपला, तर पैसे तुझ्याकडून वसूल करणार, वगैरे. मॅक्स निमूट ऐकतो. रोजचंच आहे. मागच्या सीटवरून व्हिन्सेंट मध्ये पडतो, सरकारी वकील असल्याची बतावणी करून त्या माणसाला खडसावतो आणि मग मॅक्सला सांगतो, आता हेच तू बोल. मॅक्स घुटमळतो. बोलतो. आवाज अजून कापरा आहे, पण शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले आहेत. त्या क्षणी मला आनंद झाला, आणि ज्याने हे घडवून आणलं तो थोड्याच वेळापूर्वी एका माणसाला ठार करून आला आहे हे आठवून त्या आनंदाची भीतीही वाटली. प्रेक्षकाला अशा पेचात टाकणं सोपं नसतं. तुम्ही दाखवता त्या कितीतरी गंभीर चित्रपटांनाही ते साधत नाही.

पुढे दोघं मॅक्सच्या आईला भेटायला हॉस्पिटलात जातात. रोजची भेट चुकली तर लोकांच्या लक्षात येईल, म्हणून व्हिन्सेंटच त्याला घेऊन जातो. वाटेत फुलं घ्यायचा आग्रहही तोच धरतो. आईशी अदबीने बोलतो. आईला वाटतंय, मुलाची लिमोझिन कंपनी जोरात चालली आहे, कारण मुलाने तसंच सांगितलेलं आहे. खाटेशेजारी तिघं, त्यांतल्या दोघांजवळ लपवण्यासारखं काही आहे, आणि लिफ्टपर्यंतही हा सभ्यपणा टिकेल का, याची खात्री नाही. इथे एकही गोळी सुटत नाही. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात ताणलेला प्रसंग हाच.

आणि मग उलटापालट. मॅक्सला व्हिन्सेंट बनून त्याच्या मालकांसमोर उभं राहावं लागतं. तो चष्मा काढतो, आणि रात्रभर मागच्या सीटवरून कानावर पडलेली वाक्यं, तो थंडपणा, ती बेफिकिरी त्याच्या तोंडून बाहेर येऊ लागते. फॉक्सने हे पायरी-पायरीने केलं आहे. आधी डोळे बदलतात, मग खांदे, आवाज सगळ्यात शेवटी. समोर मालकाच्या भूमिकेत हावियर बार्देम बसला आहे आणि एवढ्याशा भूमिकेतही खोली भरून टाकतो आहे, तरी आपली नजर मॅक्सवरून हटत नाही. व्हिन्सेंटने मॅक्सला धमकावलं, राबवलं, आणि नकळत घडवलंही. पुढे मॅक्स त्याच्याविरुद्ध उभा राहतो तो त्यानेच दिलेल्या बळावर. शेवट सांगत नाही. तो मेट्रोच्या डब्यात आहे एवढंच सांगते. रोज वनाज ते रामवाडी ये-जा करणाऱ्या आपल्या पुणेकरांना आता त्या डब्याचा, त्यातल्या अनोळखी शेजाराचा अनुभव आहे. हा चित्रपट आला तेव्हा तो इथे नव्हता.

आता शैलीबद्दल, कारण ‘स्टायलिश’ हा शब्द आपल्या चर्चांमध्ये जवळपास शिवीसारखा वापरला जातो. चित्रपट देखणा आहे म्हणजे आत काही नसणार, असं धरूनच चाललं जातं. ‘कोलॅटरल’च्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे, आणि ते मोठ्या पडद्यावरच कळतं.

मूळ पटकथा न्यूयॉर्कमध्ये घडत होती. मान यांनी ती लॉस एंजेलिसला आणली, मैलोन् मैल पसरलेल्या, गाडीशिवाय पान न हलणाऱ्या शहरात. त्या शहरात तेव्हा रस्त्यांवर सोडियमचे दिवे होते. त्यांचा नारिंगी उजेड खाली उतरलेल्या ढगांवर आदळून परत येई आणि आकाश कधी पुरतं काळं होतच नसे. फिल्मच्या रिळावर ही रात्र पकडणं फार कठीण होतं. उजेड कमी पडला की रीळ मागचं सगळं काळं करून टाकतं, आणि दिवे लावून चित्रण करावं तर ती रात्र रात्र उरत नाही. म्हणून बहुतांश चित्रण डिजिटल कॅमेऱ्यांवर झालं. थॉमसन कंपनीचा वायपर हा त्यांतला एक. मोठ्या स्टुडिओचा, टॉम क्रूझसारखा नट असलेला चित्रपट असा करणं त्या काळी धाडसच होतं. गाडीच्या आत सीटच्या पाठींवर पातळ प्रकाशपट्ट्या लावून चेहऱ्यांवर जेमतेम उजेड ठेवला. पॉल कॅमेरॉन यांनी सुरू केलेलं छायाचित्रण डिऑन बीब यांनी पुढे नेलं आणि दोघांना मिळून त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. मॅक्सचा चेहरा जवळ आहे आणि त्याच्यामागे खिडकीतून शहर दूरवर स्पष्ट दिसतंय. ताडाची झाडं, रिकामे चौक, कुठल्याशा मजल्यावर एकच जळता दिवा. प्रतिमेत किंचित खरखर आहे. टीव्हीवर ती खटकते, पडद्यावर ती हवेसारखी वाटते. एवढ्या मोठ्या शहरात ही दोन माणसं किती एकटी आहेत हे कुणी बोलून दाखवत नाही, ते त्या खिडकीत दिसत राहतं. एके ठिकाणी रस्त्यात कायोटी आडवा जातो, आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतला. गाडी थांबते. दोघं काही न बोलता त्याला जाताना पाहतात. या प्रसंगात कथा इंचभरही पुढे सरकत नाही. पण इथे दोघांच्या चेहऱ्यांवर जे उमटतं ते काढून टाकलं तर उरलेली गोष्ट पोकळ होईल.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा विचार चित्रपट जपण्याचं महत्त्व ज्यांना कळतं अशा मंडळींनी करायला हवा. २००९ पासून लॉस एंजेलिसने सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवायला सुरुवात केली. ‘कोलॅटरल’मध्ये दिसते ती नारिंगी रात्र आता त्या शहरातही उरलेली नाही. पुण्यातही तेच झालं. कर्वे रोडचा, टिळक रोडचा तो पिवळा उजेड, पावसात ओल्या डांबरावर पसरलेला, माझ्या पिढीला लख्ख आठवतो. आजच्या कॉलेजातल्या पोरांनी तो जेमतेम पाहिला असेल. एका शहराची रात्र कशी होती याची नोंद मारधाडीच्या सिनेमाने करून ठेवली आहे. अशी नोंद एखाद्या माहितीपटात असती तर आपण त्यावर परिसंवाद घेतला असता.

आता खरा आक्षेप. मला त्याचं उत्तर टाळायचं नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात कोयता हातात धरून रील काढणारी पोरं आपण पाहिली, ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या पेपरात वाचला. अशा वेळी देखणा मारेकरी पडद्यावर कशाला आणायचा, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मी रास्त मानते. मी स्वतः मुलांची आई आहे. पण हिंसा दाखवणं आणि हिंसा विकणं यांत फरक आहे, आणि तो फरक पडद्यावरच्या तपशिलात असतो.

‘कोलॅटरल’मधला बोळातला प्रसंग घ्या. दोन चोर व्हिन्सेंटची बॅग घेऊन निघालेत, एकाने पिस्तूल रोखलं आहे. पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं. एक हात पिस्तूल बाजूला सारतो, दुसरा कोटाखाली जातो, गोळ्या सुटतात, दोघं खाली. संथ गती नाही, ढोल नाहीत, वारा येऊन केस उडत नाहीत. क्रूझने यासाठी ब्रिटिश कमांडो दलातून निवृत्त झालेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव केला होता, आणि तो सराव इथे दिसतो तो सुताराच्या रंध्यासारखा, कामाचा म्हणून, दाखवायचा म्हणून नाही. आणि कॅमेरा लगेच वळतो तो स्टिअरिंगला हात बांधलेल्या मॅक्सकडे. त्याच्या तोंडावर जे आहे तेच आपल्या तोंडावर असतं. टाळी वाजवावी असा तो क्षणच नाही.

दुसरा प्रसंग जॅझ क्लबमधला. व्हिन्सेंटला संगीताची जाण आहे. मैफल संपल्यावर तो क्लबच्या वादक मालकाला टेबलाशी बोलावतो. म्हातारा वादक तरुणपणी जॅझमधल्या थोर माइल्स डेव्हिसबरोबर वाजवायला मिळालं त्या एका रात्रीची आठवण सांगतो आणि व्हिन्सेंट ती मनापासून ऐकतो. खोटं ऐकणं आणि खरं ऐकणं यांतला फरक पुणेकराला शिकवायला नको. डिसेंबरात सवाईच्या मांडवात थंडीत बसून आपण तेच तर करतो. इथे व्हिन्सेंटचं ऐकणं खरं आहे. आणि हा वादक त्याच्या यादीत आहे. गोळी सुटते. मग व्हिन्सेंट पुढे होऊन त्याचं कलंडणारं डोकं तळहातावर झेलतो आणि अलगद टेबलावर टेकवतो, झोपलेल्या माणसाचं टेकवावं तसं. त्या हाताकडे मी कितीदा पाहिलं असेल. त्यात हळुवारपणा आहे आणि तो खरा आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. रसिकता माणसाला चांगलं करते हा आपला लाडका समज तिथे त्या टेबलावर तुटून पडतो. कोयत्याची रील काढणाऱ्या पोराला यातून मिरवायला काही सापडेल असं मला वाटत नाही. सापडलंच तर त्याच्याशी बोलायला आपण तिथे असू, मोबाइलवर एकट्याने पाहताना त्याच्याजवळ कुणी नसतं. अर्थात खेळ प्रौढांपुरताच ठेवावा, हे मला मान्य आहे.

क्रूझबद्दल एक सांगायला हवं. जगात कुठेही ओळखला जाईल असा हा चेहरा. मान यांनी त्याला कुरियरवाल्याच्या वेशात गर्दीच्या बाजारात पार्सलं पोहोचवायला लावलं, आणि लोकांनी त्याला ओळखलं नाही. चारचौघांत मिसळून नाहीसं होणं ही व्हिन्सेंटची खरी विद्या आहे, आणि एवढ्या मोठ्या नटाने ती कमावली. आपल्याकडे २००६ साली या गोष्टीवर बेतलेला ‘द किलर’ हा हिंदी चित्रपट आला होता, इम्रान हाश्मी टॅक्सीवाला आणि इरफान खान मारेकरी. इरफानसाठी तोही कुणी पाहावा. पण मूळ चित्रपटातली ती रात्र त्यात नाही.

आता रिक्षावाल्यांकडे वळते, कारण या मागणीचा तो भाग कुणी गंमत म्हणून सोडून देऊ नये अशी माझी इच्छा आहे.

माझं काम रात्री उशिरा सुटतं आणि बहुतेकदा रिक्षानेच घरी येते. रिक्षाच्या आरशात चालवणाऱ्याचे डोळे तेवढे दिसतात आणि त्याला आपले. तेवढ्यावर बोलणं चालतं. एका रात्री स्टेशनहून कोथरूडला येत होते. मीटरच्या वर प्लॅस्टिकच्या पाकिटात मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता, आणि शेजारी कॅलेंडरमधून कापून लावलेलं समुद्राचं चित्र, माडांसकट. मी विचारलं, “कोकणातले का तुम्ही?” तर म्हणाले, “नाही ताई, गाव परंड्याकडं. समुद्र अजून बघितला नाही.”

मला अर्थातच ते पोस्टकार्ड आठवलं आणि मी त्यांना चित्रपटाची गोष्ट सांगायला लागले. नळ स्टॉपच्या पुढे आल्यावर रस्ता मोकळा होता तरी त्यांनी वेग कमी केला होता. टपावर प्रेत पडतं तिथपर्यंत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “गाडी मालकाची का स्वतःची?” मालकाची, म्हटलं. “मग टप चेपला त्याचं कोण भरणार?”

मी थक्क झाले. चित्रपटात तो वायरलेसवरचा माणूस नेमकं हेच विचारतो. या चित्रपटावर बरंच लिहिलेलं मी वाचलं आहे, छायाचित्रणावर, शहरावर, क्रूझच्या केसांच्या रंगावरसुद्धा. चेपलेल्या टपाचे पैसे कुणाच्या बोडक्यावर पडणार हा प्रश्न त्यात मला कुठे भेटला नव्हता, आणि मॅक्सचं सगळं आयुष्य तर त्याच प्रश्नाखाली दबलेलं आहे. पुढे त्यांनी आणखी विचारलं. दारू पिऊन बसलेला, मध्येच पत्ता बदलणारा, शिव्या देणारा पॅसेंजर असतो तेव्हा तो माणूस काय करतो? पोलिसांकडे गेला तर त्याची गाडी किती दिवस अडकून राहील? घरी पोहोचलो तेव्हा मीटर बंद करून ते अजून बसले होते. “शेवटी वाचतो का तो?” मी सांगितलं नाही. म्हटलं, बघायला मिळेल तेव्हा बघा.

ते कुठे बघणार, याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

बाबा आढावांनी उभ्या केलेल्या रिक्षा पंचायतीमुळे पुण्यातल्या रिक्षावाल्याला संघटित आवाज आहे. त्याच्या भाड्याबद्दल, परवान्याबद्दल, ॲपवाल्या कंपन्यांबद्दल आपण पेपरात वाचतो. प्रवासी म्हणून त्याच्याबद्दलची आपली तक्रार तर पुण्यात प्रत्येकाच्या तोंडी असते. त्याला प्रेक्षक म्हणून, जाणकार म्हणून आपण कधी बोलावलं आहे? ज्या चित्रपटाचा नायक बारा वर्षं स्टिअरिंगमागे बसतो आहे, त्या चित्रपटाबद्दल बोलायचा पहिला हक्क कुणाचा, याचा विचार व्हावा. एरवी आपल्या चर्चांमध्ये पुढच्या दोन रांगाच बोलतात. त्या रांगांत मीही बसते. या खेळानंतर मंचावर समीक्षकाऐवजी रात्रपाळीचे दोन-तीन चालक बसवा, प्रश्न आपण विचारू.

काही व्यवहाराच्या गोष्टी. वेळ दुपारची ठेवावी, साधारण दोनची, कारण तेव्हा भाडी मंद असतात. संध्याकाळी बोलावलं तर त्यांचा धंदा बुडेल आणि कुणी येणार नाही. सभागृह असं निवडा जिथे दारांच्या फटींतून ऊन येत नाही. हा चित्रपट काळ्या रंगाच्या छटांवर उभा आहे आणि पडद्यावर उजेडाची एक तिरीप आली तरी अर्धा नाहीसा होईल. आवाजाची यंत्रणा आधी तपासून घ्या. चित्रपटातल्या नाइटक्लबमधला गोळीबार मोठा वाजला पाहिजे आणि लगेच पुढचं कुजबुजणंही ऐकू आलं पाहिजे. इंग्रजी वेगाने बोललेलं आहे, तेव्हा सुरुवातीला दहा मिनिटं मराठीत गोष्टीची ओळख करून द्यावी, शेवट न फोडता. मराठी उपशीर्षकं करता आली तर उत्तमच. रिक्षा लावायला जागा लागेल. लॉ कॉलेज रस्त्यावर ती मिळणं कठीण, म्हणून शाळेचं मैदान शेजारी असलेलं एखादं सभागृह पाहावं. चालकांना प्रवेश मोफत असावा आणि त्यांच्याबरोबर घरचं एक माणूस यावं, कारण रात्रपाळीचा ताण घरच्यांच्याही वाट्याला येतो. प्रदर्शनाची परवानगी रीतसर घ्यावी लागेल. त्याचा खर्च एका क्लबला जड जाणार असेल तर दोन-तीन क्लबांनी मिळून उचलावा.

मराठी ओळख लिहून द्यायला मी तयार आहे. स्टेशन, स्वारगेट आणि नळ स्टॉपच्या स्टँडवर जाऊन आमंत्रणं वाटायलाही तयार आहे, आणि माझ्याबरोबर यायला आणखी काही सभासद राजी आहेत. उपशीर्षकांचं काम कॉलेजातली मुलं आनंदाने करतील असं त्यांच्याशी बोलल्यावर वाटलं. तुमच्या पुढच्या सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि निर्णय काहीही झाला तरी सभासदांना कळवावा, एवढी विनंती.

आपली स्नेहांकित,
एक सभासद प्रेक्षक
कोथरूड, पुणे